चाल ओळखीची, आवाज परका

नमस्कार. बोलायच्या आधी थोडं ऐकू या. हा पहिला आवाज.

(आवाज ऐकवला.)

कसला आहे सांगा. ऑर्गन... बासरी... मागून कोणीतरी सिंथ म्हणालं. बरं, आता हाच आवाज पूर्ण ऐका.

(पुन्हा ऐकवला.)

हो, पियानो. साधा पियानो, एकच पट्टी दाबलेली. मघाशी मी एवढंच केलं होतं की हातोडी तारेवर पडते तो सुरुवातीचा ठोका, सेकंदाचा अगदी बारीक तुकडा, कापून टाकला आणि मागची नुसती आस, म्हणजे नंतर घुमत राहणारा सूर, ठेवली. आपला कान वाद्य ओळखतो ते मुख्यतः त्या ठोक्यावरून, म्हणजे सतारीवर नखी पडते तो क्षण, तबल्यावर थाप पडते तो क्षण, तोच काढून घेतला की सूर तोच राहतो पण कान चाचपडायला लागतो की हे येतंय कुठून? आज मला जे सांगायचंय त्याचं मूळ या चाचपडण्यात आहे.

सायन्स फिक्शन मालिकेचं टायटल म्युझिक, म्हणजे सुरुवातीला नावं येतात तेव्हाचं संगीत, करायचं म्हटलं की बहुतेकांचं पहिलं पाऊल चुकतं, माझंही चुकलं होतं, ते पुढे सांगतो. आपल्याला वाटतं की गोष्ट परग्रहावरची आहे ना, मग सगळंच परकं पाहिजे, स्वर विचित्र, ताल विचित्र, आवाज विचित्र. पण मग प्रेक्षकाला धरायला काहीच उरत नाही. दर आठवड्याला तीच तीस-चाळीस सेकंदं वाजणार, आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला ती ऐकून कळलं पाहिजे की सुरू झालं, आणि तो उठून आला पाहिजे. तेव्हा चाल गुणगुणता येणारीच हवी, पण ती वाजवणारा आवाज असा हवा की तो कशातून निघतोय ते कळू नये. चाल ओळखीची, आवाज परका. या जातीच्या ज्या टायटल ट्यून्स टिकल्या त्यातल्या बहुतेकांत मला हेच दिसतं.

सगळ्यात मोठं उदाहरण 1963 चं, बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या सायन्स फिक्शन मालिकेचं. निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि त्यांची मागणी साधारण अशीच होती की चाल नीट लक्षात राहणारी हवी, ओळखीची वाटायला हवी आणि तरी वेगळी. चाल लिहिली रॉन ग्रेनर यांनी. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे, टीव्हीच्या टायटल्ससाठी नावाजलेले. त्यांना टायटलची चित्रं दाखवली होती, ती बर्नार्ड लॉज यांनी केलेली, आणि ती करायची पद्धतही बघा, कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवायचा म्हणजे चित्रातून चित्र निघत राहतं आणि धुरासारख्या आकृत्या तयार होतात. ते बघून ग्रेनरनी जे लिहिलं ते जेमतेम एक कागदभर होतं, एक बेसची म्हणजे खालच्या जाड सुरांची ओळ, एक चाल, आणि बाकी ठिकाणी वाद्यांच्या नावांऐवजी वाऱ्याचे ढग, वाऱ्याचे बुडबुडे अशा अर्थाचं वर्णन.

आता हा कागद आला रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, डेलिया डर्बिशर यांच्या हातात. बीबीसीने नाटकांसाठी वगैरे वेगळे आवाज तयार करायला 1958 मध्ये हा विभाग काढला होता, लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत. डर्बिशर बाई केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या, तेव्हा वय 26, सोबतीला डिक मिल्स नावाचे सहकारी. आणि सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य? विकत मिळणारा कीबोर्डचा सिंथ बाजारात यायलाच अजून काही वर्षं होती. वेगवेगळे आवाज एकाच टेपवर स्वतंत्र घेऊन एकत्र वाजवणारं मल्टिट्रॅक मशीनही नव्हतं. मग होतं काय, तर टेप, ब्लेड, चिकटपट्टी, आणि ऑसिलेटर, म्हणजे विजेवर एक सलग सूर काढणारी यंत्रं, ते पण यंत्रांची तपासणी करायला वापरतात तसले.

मी लहानपणी टेप जोडलेली आहे म्हणून हे काम काय असतं ते थोडं जवळून सांगतो. तार एकदा छेडली, टेपवर घेतली. आता तुम्हाला दुसरा स्वर हवाय. तर तीच टेप वेगळ्या वेगाने वाजवायची आणि दुसऱ्या टेपवर उतरवून घ्यायची. दुप्पट वेग दिला की वरचा सा मिळतो, निम्मा दिला की खालचा, आणि मधल्या प्रत्येक अर्ध्या स्वरासाठी वेग साधारण सहा टक्क्यांनी बदलायचा. पण वेग बदलला की सुराची लांबीपण बदलते ना! म्हणजे प्रत्येक स्वर पुन्हा मोजून कापायचा. टेप सेकंदाला 15 इंच धावते असं धरलं तर पाव सेकंदाचा सूर म्हणजे पावणेचार इंच टेप. पट्टीने मोजायचं, खडूसारख्या पेन्सिलीने खूण करायची, तिरकं कापायचं, जोडायचं, पुढचा सूर. त्या थीममधला तो बेस आठवा, घोडा दौडावा तसा चालतो, तो असा एकेक सूर कापून जोडलेला आहे. काही सूर मुद्दाम जरा मोठ्या आवाजाचे ठेवलेत म्हणून त्याला जीव आलाय, नाहीतर यंत्रासारखा कोरडा झाला असता. वरची चाल ऑसिलेटरची, आणि सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो, आपण ज्याला मींड म्हणतो ती, ती हाताने बटण फिरवून काढलेली मींड आहे. तो हुंकारासारखा वर चढणारा सूर ऐकून अंगावर काटा येतो तो उगाच नाही, त्याच्यामागे हात आहे माणसाचा. सळसळ आहे ती नुसत्या खरखरीच्या आवाजातून गाळून काढलेली.

मग प्रश्न आला हे सगळं एकत्र वाजवायचं कसं. बेसची एक टेप, चालीची एक, सळसळीची एक, तीन मशीनं आणि सगळ्यांची बटणं एकदम दाबायची, जमलं नाही तर परत. आणि एका ठिकाणी काहीतरी जुळतच नव्हतं. एक सूर कुठेतरी चुकलेला, पण कुठल्या टेपवर, कुठे? शेवटी त्यांनी टेप्स बाहेर नेल्या आणि मेडा व्हेलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी जमिनीवर पसरल्या आणि जोड मोजत मोजत चालत गेले. जिथे एका टेपवरचा जोड बाकीच्यांशी जुळेना तिथे चूक! मला हा प्रसंग फार आवडतो. गाणं अक्षरशः पायाखाली अंथरलंय आणि आपण त्याच्या बाजूने चालतोय. आज आपण स्क्रीनवर आडव्या पट्ट्या बघून हेच करतो, फक्त कंबर वाकत नाही.

ग्रेनरनी तयार थीम ऐकली तेव्हा त्यांनी आश्चर्याने विचारलं म्हणे की हे मी लिहिलंय? आणि बाई म्हणाल्या, बरंचसं. या 'बरंचसं'वर मी शेवटी येतो.

आता जरा उलट्या बाजूचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत 1966 ला 'स्टार ट्रेक' आलं, संगीतकार अलेक्झांडर करेज. इथे वाद्यवृंद नेहमीचाच, पितळी वाद्यं, बोंगोसारखा ठेका, आणि चाल सुरू होते ती एका झेपेने, आपल्या भाषेत सांगायचं तर सा वरून थेट वरच्या कोमल निषादावर. गुणगुणून बघा, सा... नी... लगेच नजर वर जाते. मग परकं काय आहे त्यात? तर वरून लूली जीन नॉर्मन या गायिकेचा आवाज, शब्द नाहीतच, नुसता 'आ'कार, त्यामुळे बाई गातायत का काही वाजतंय असा क्षणभर संभ्रम होतो. आणि यान सूंकन जातं तो आवाज करेजनी स्वतः तोंडाने काढलेला होता! अवकाशात हवा नाही, तिथे आवाज ऐकू येणारच नाही हे खरं, पण बघणाऱ्याच्या खोलीत हवा असते आणि आपलं काम त्या खोलीत आहे. (त्या चालीला मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी नंतर शब्द लिहिले, मालिकेत ते कधीही गायले गेले नाहीत, पण गीतकार म्हणून रॉयल्टीतला निम्मा वाटा मात्र त्यांच्याकडे गेला. ही गोष्ट मला आजही बोचते.)

योगायोगाबद्दलही बोलायला हवं, कारण या कामात तो फार मोठा असतो. 'द ट्वायलाइट झोन'चं ते गिटार सगळ्यांना माहीत आहे, चार सूर, पहिला, मग त्याच्या लगत वरचा, परत पहिला, मग खाली, गोल गोल फिरत राहतात. ते टायटलसाठी केलेलंच नव्हतं. मारियुस कोन्स्तां या संगीतकाराने सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीच्या संगीताच्या साठ्यासाठी छोटे छोटे तुकडे करून दिले होते, त्यातले दोन कोणीतरी जोडले आणि ती थीम झाली. 'द एक्स-फाइल्स'च्या वेळी, 1993 ला, मार्क स्नो यांचे आधीचे प्रयत्न नापसंत झाले होते, वैतागून त्यांचा हात कीबोर्डवर पडला, इको चालू होता, आणि ते जे घुमत राहिलं तेच पुढे थीमखालचं घुमणं झालं. वरची शीळ आहे ती मशीनमधली एक शीळ आणि त्यांच्या पत्नीची खरी शीळ, दोन्ही मिसळून. मला वाटतं ती म्हणूनच अशी अस्वस्थ करते, अर्धी माणसाची आहे अर्धी नाही. पण हात पडणं हा योगायोग असला तरी थांबून ऐकणं हा योगायोग नसतो, हे लक्षात ठेवा. हात रोज पडतात.

अलीकडचं बघायचं तर 2016 चं 'स्ट्रेंजर थिंग्ज', काईल डिक्सन आणि मायकल स्टाइन. तिथली फिरती सुरावट म्हणजे खालच्या स्वराला सा धरला तर सा ग प नी सां नी प ग. सगळे शुद्ध स्वर! पहिल्या दिवशी हार्मोनियम शिकणाऱ्या मुलाला देता येईल अशी. भीती स्वरांत नाहीच, ती आहे जुन्या सिंथच्या आवाजात, फिल्टर हळूहळू उघडतो मिटतो त्यात, आणि खाली छातीच्या ठोक्यासारखं जे धडधडतं त्यात. आणि नव्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या टायटलमध्ये तर चक्क गायत्री मंत्राचे शब्द आहेत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गडबडलोच, कारण त्यांच्या प्रेक्षकाला जे परकं वाटावं म्हणून घेतलंय ते मला लहानपणापासून पाठ. म्हणजे परकं काय हे ऐकणाऱ्यावर ठरतं, त्यामुळे दुसऱ्याच्या संस्कृतीतला आवाज उचलून गूढ केल्याचं समाधान मानू नका, जगात कोणीतरी ते रोज म्हणत असतं.

माझी चूक सांगायची राहिली. एका छोट्या सायन्स फिक्शन मालिकेच्या पायलटसाठी, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागासाठी, मी थीम केली होती, तीन आठवडे, सॉफ्टवेअरमधले मोठमोठे तयार आवाज एकावर एक रचले, चाळीसच्या वर ट्रॅक, आणि चाल जवळपास नाहीच. दिग्दर्शिकेने ऐकलं, छान म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली की मला रात्री ते आठवून बघायचं होतं पण काही आठवलंच नाही. मला ते फार लागलं, पण तिचं बरोबर होतं. मग सगळं बाजूला ठेवलं आणि आधी सहा सुरांची चाल केली, नुसती तोंडाने म्हणून, जिन्यात, चालताना, जोपर्यंत ती आपोआप तोंडात येत नव्हती तोपर्यंत कॉम्प्युटर उघडला नाही. आणि आवाजासाठी लिफ्टच्या दाराची करकर रेकॉर्ड केली, वेग पाव केला, म्हणजे दोन सप्तकं खाली आणि चौपट लांब. ऐका.

(ऐकवलं.)

एखादा मोठा प्राणी झोपेत कण्हतोय असं वाटतं ना? त्यावर ती सहा सुरांची चाल. एकूण सहा ट्रॅक. मालिका पुढे झाली नाही, पण त्या थीमसारखं काम मला नंतर क्वचितच जमलंय.

तुमच्यातल्या जे हे काम करू बघतायत त्यांना माझा आग्रह आहे की तयार आवाज वापरा हवे तर, पण एक तरी आवाज तुमच्या आसपासचा, तुम्ही स्वतः पकडलेला असू द्या, कारण तयार आवाज दुसऱ्या हजार जणांकडे पण आहे आणि कान ते ओळखतो. लोक आता इंट्रो स्किप करतात हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांतच तो आवाज आला पाहिजे, चाल नंतर आली तरी चालते.

आता ते 'बरंचसं'. ग्रेनर माणूस मोठ्या मनाचा, त्यांनी प्रयत्न केला की डर्बिशर यांना सहसंगीतकार म्हणून नाव मिळावं आणि रॉयल्टीत वाटा मिळावा. पण वर्कशॉपमधल्या लोकांची नावं द्यायची नाहीत, विभागाचं नाव द्यायचं, असं बीबीसीचं धोरण होतं. त्यामुळे पडद्यावर ग्रेनर आणि खाली रेडिओफोनिक वर्कशॉप. चाल ज्याने लिहिली तो संगीतकार, आणि आवाज जिने घडवला ती तंत्रज्ञ, अशी ती वाटणी. पण या थीममधून तो आवाज काढून घ्या, ग्रेनरचा कागद पियानोवर वाजवा, चांगली चाल आहे, पण ती थीम नाही. 1980 मध्ये पीटर हॉवेल यांनी ती सिंथवर नव्याने केली, 2005 ला मरे गोल्ड यांनी मोठा वाद्यवृंद घातला, आणि तेव्हासुद्धा आत डर्बिशर यांचे 1963 चे मूळ आवाज वापरलेच, कारण ती मींड दुसऱ्या कशातून येत नाही.

बाईंनी 1973 ला बीबीसी सोडली. 2001 मध्ये त्या गेल्या, आणि नंतर त्यांच्या घराच्या माळ्यावर 267 टेप्स सापडल्या, त्या आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. मालिकेला 50 वर्षं झाली तेव्हा, 2013 च्या खास भागात, पहिल्यांदा डेलिया डर्बिशर हे नाव पडद्यावर आलं. मी तो भाग बघताना तिथे थांबवला होता, आणि ते नाव मोठ्याने वाचलं होतं.

चला, प्रश्न असतील तर घेऊ.