पाचवा पाय

[दृश्य: जुन्या रेखांकनाचा कोपरा, अगदी जवळून]

घोड्याला पाच पाय आहेत. मोजून पाहा. उचललेला पुढचा पाय चिताऱ्याने दोनदा काढलाय. आधी जरा जास्तच मुडपला, मग त्यावर सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, हात फिरवून थोडा खाली घेतला. सफेदा झिजला आणि पहिला पाय पुन्हा वर आला. रंगवून पुऱ्या झालेल्या चित्रात हे असं सापडणं कठीण. आमचा जीव या कच्च्या, न रंगवलेल्या पानांवर आहे तो त्यासाठीच.

[दृश्य: वसली घोटणारे हात]

राजस्थानातलं मेवाड असो, मारवाड की कोटा, अश्वारूढ राजाच्या चित्राची सुरुवात कागदापासून. हातकागदाचे तीन-चार थर खळीने चिकटवले की झाली वसली. कीड लागू नये म्हणून खळीत थोडं मोरचूद. वसली पुरती सुकू द्यायची, मग गुळगुळीत दगडावर पालथी घालून अकीकाच्या खड्याने घोटायची. ओलसर असताना घोटली तर थर सरकतात. घोटाई कमी पडली तर कुंचला अडखळतो, शाई फुटते.

[दृश्य: कुंचल्याचं टोक]

गेरूने कच्ची टिपाई, म्हणजे पहिलं रेखाटन. वर सफेद्याचं अस्तर, खालची रेघ जेमतेम दिसेल इतपत पातळ. मग काजळी आणि डिंकाच्या शाईने सच्ची टिपाई, म्हणजे पक्की रेघ. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. डिंक जास्त झाला तर रेघ चकाकते आणि पुढे तडकते, कमी पडला तर बोट लागताच पुसते. घोड्याच्या मानेपासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंतची रेघ एका दमात ओढायची. हात थबकला की तिथे गाठ दिसते.

जमलेला घोडा वाया जात नसे. हरणाच्या पातळ कातड्यावर त्याचा चरबा, म्हणजे रेघांची नक्कल, उतरवत, रेघांवर बारीक टोचे मारत आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत. दुसऱ्या कागदावर तोच घोडा, स्वार वेगळा.

[दृश्य: कान]

हे कान बघा. आत वळून टोकाला टोक भिडलेलं, मारवाडी घोड्याची खूण. राजा एका बाजूने, डोक्यामागे प्रभावळ. चवरीवाले मुद्दाम ठेंगणे.

दुसरे अमरसिंह (१६९८–१७१०) उदयपूरच्या गादीवर असताना तिथल्या एका चिताऱ्याने रंग जवळजवळ बाजूला ठेवून नुसत्या बारीक ठिपक्यांनी छाया भरली. त्याचं नाव कुठे उरलेलं नाही.

[दृश्य: पानाची मागची बाजू]

मागे राजाचं नाव. कधी घोड्याचंही. पुढे पानं बांधून ठेवलेले बस्ते फुटले, पानं सुटी विकली गेली.