इंग्रजीतला हरवलेला ‘तू’

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजांना मानपान ठाऊक नाही, बापालाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’, असं आपल्याकडे गमतीनं म्हणतात. घडलं मात्र नेमकं उलटं. ‘यू’ म्हणजे मुळात ‘तुम्ही’. इंग्रजीत ‘तू’ होता, तो ‘दाऊ’. ‘तुला’ म्हणायचं तर ‘दी’, ‘तुझा’ म्हणायचं तर ‘दाय’. इंग्रजांनी बापाला खाली ओढलं नाही, ते कुत्र्यालाच अहो-जाहो करायला लागले!

शेक्सपिअरच्या काळात दोन्ही शब्द चालत होते. लेकराला, नोकराला, जिवलगाला ‘दाऊ’. धन्याला, परक्याला ‘यू’. बोलता बोलता कुणी ‘यू’वरून ‘दाऊ’वर घसरला की समजायचं, एकतर प्रेम उतू चाललंय नाहीतर भांडण पेटलंय. नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टरला दर्यावर्दी सरदार सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील होता एडवर्ड कोक. भर न्यायालयात तो रॅलेवर कडाडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ यातला पहिला ‘दाऊ’ चक्क क्रियापद आहे. आजच्या इंग्रज वाचकाला हे वाक्य तळटिपेशिवाय कळायचं नाही. आपल्याला टीप कशाला हवी? ‘तुला मी अरे-तुरेच करणार, गद्दारा!’

पुढे त्याच शतकात जॉर्ज फॉक्सचे अनुयायी, म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी, पुढे आली. देवापुढे सगळे सारखे, तेव्हा समोर न्यायाधीश असो की सरदार, आम्ही ‘दाऊ’च म्हणणार, हा त्यांचा हट्ट. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. सगळ्यांना एका पायरीवर आणायचं तर वाटा दोनच: सरसकट ‘तू’, नाहीतर सरसकट ‘तुम्ही’. क्वेकरांनी पहिली धरली, बाकीच्या समाजानं दुसरी. मला विचाराल तर त्यात समतेचं प्रेम फारसं नसावं. अनोळखी माणसाला चुकून ‘दाऊ’ म्हणून नसतं भांडण ओढवून घेण्यापेक्षा ‘यू’ बरं, एवढाच व्यवहार असणार.

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरच्या बोलीत ‘दाऊ’चं रूप अजून कानी पडतं. एरवी तो उरला प्रार्थनेत आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये. त्यामुळे गंमत अशी झाली, की आता इंग्रजांनाच तो फार भारदस्त, आदबीचा शब्द वाटतो. अहो, तो साधा घरगुती ‘तू’! आपण विठोबाला म्हणतो ना, तोच.

असे आणखीही शब्द गेले. ‘हिअर’ म्हणजे इथे, ‘हिदर’ म्हणजे इकडे, ‘हेन्स’ म्हणजे इथून. आता तिन्हींचं काम बहुतेक एकटा ‘हिअर’ ओढतो. आठवड्याला ‘सेनाइट’ म्हणत, म्हणजे सात रात्री. तो गेला, पण चौदा रात्रींचा ‘फोर्टनाइट’ टिकला. का, ते तोच जाणे. येणाऱ्या परवाला ‘ओव्हरमॉरो’ असा सुटसुटीत शब्द होता. कव्हरडेलनं केलेल्या १५३५ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो सापडतो. तो टाकून देऊन ही माणसं ‘द डे आफ्टर टुमॉरो’ अशी लांबण का लावत बसली, हे मला खरोखर कळत नाही.

काही शब्द स्वतः गेले आणि शेपूट ठेवून गेले. ‘रूथलेस’ म्हणजे निर्दय, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण ‘रूथ’ म्हणजे दया, हे कोण सांगणार?

या सगळ्यांची नोंद ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात आहे. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. संपादक जेम्स मरे यांनी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांचे ढीग रचले होते. वापरातून गेलेल्या शब्दाच्या आधी या कोशात कट्यारीची खूण असते. शब्द मात्र वगळत नाहीत. एक तेवढा निसटला होता: ‘बॉन्डमेड’, म्हणजे बटीक. तो मेला नव्हता, त्याच्या चिठ्ठ्याच गहाळ झाल्या होत्या. १९३३ च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली.

नमस्कार.