पोहता पोहता जेवण

कोकणातला कोळी डोल जाळे समुद्रात बांधून ठेवतो, तेव्हा तो मासळीच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीची ओढच जवळा आणि बोंबील जाळ्यात आणून घालते. मून जेली ही जेलीफिश बरीचशी याच रीतीने पोट भरते, मात्र पाण्याची ओढ ती स्वतःच निर्माण करते. तिची पारदर्शक छत्री आकसते आणि सैलावते, त्या प्रत्येक ठोक्यासरशी काठाशी पाण्याचे भोवरे उठतात आणि ते पाणी झालरीसारख्या लोंबणाऱ्या बारीक संस्पर्शकांमधून ओढले जाते. पोहणे आणि अन्न गोळा करणे ही तिची दोन वेगळी कामे नाहीतच.

त्या पाण्यात कोपेपॉड नावाचे इवलेसे कवचधारी जीव असतात, शिंपल्यांचे डिंभ असतात, माशांची अंडी आणि नुकतीच बाहेर पडलेली पिल्लेही असतात. यांपैकी एखादा जीव संस्पर्शकाला लागला, की तिथल्या दंशपेशींत वेटोळे करून बसलेले पोकळ धागे सुटतात आणि भक्ष्याच्या अंगात विष सोडतात. जेलीफिशच्या नात्यातल्या हायड्रामध्ये हा धागा सुटण्याचा वेग २००६ मध्ये मोजला गेला, तेव्हा त्याच्या सर्वांत वेगवान टप्प्याला अवघे ७०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागल्याचे दिसले. इतक्या संथ दिसणाऱ्या कुळात एवढी चपळाई दडलेली असावी, याचे नवल वाटते.

छत्रीच्या पाठीवर बसलेले कणही वाया जात नाहीत. ते चिकट श्लेष्म्यात गुरफटतात, सूक्ष्म केसलांच्या हालचालीने काठाकडे सरकतात आणि तिथे त्यांचे लहान लहान गोळे साचतात. मग तोंडाभोवतीच्या चार लांब मुखभुजा काठाकडे वळून ते गोळे जणू बोटाने निपटून घेतात. मत्स्यालयात मून जेलीला मिठागरांत सापडणाऱ्या आर्टेमियाची नारिंगी पिल्ले खाऊ घातली, की थोड्याच वेळात तिच्या जठराचे चार कप्पे बाहेरून नारिंगी दिसू लागतात. न पचलेले अन्न मात्र ज्या तोंडातून आत गेले, त्याच तोंडातून बाहेर पडते, कारण दुसरी वाटच नाही.

ऱ्हायझोस्टोम गटातल्या जेलीफिशची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्या छत्रीच्या काठाला संस्पर्शक नसतात आणि वाढत्या वयात मुखभुजा एकमेकींना जुळून मधले तोंड बुजते. त्याऐवजी भुजांवर असंख्य बारीक मुखे उरतात. यांतलीच कॅसिओपिया उथळ पाण्याच्या तळाशी उलटी पडून राहते, कारण तिच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातला बराच वाटा तिला देतात.

मून जेलीला असा भाडेकरू नाही. पाण्यातले अन्न आटले, की ती स्वतःच्याच शरीरावर गुजराण करते आणि दिवसेंदिवस आकाराने लहान होत जाते. मात्र तिचे ठोके चालूच असतात, आणि पुन्हा कोपेपॉडांचे थवे आले, की ती पुन्हा वाढू लागते.