उलट्या अंगाचा राजहंसगड

(पडद्यावर: येळ्ळूरचं शिवार, पाऊस, मागे राजहंसगड.)

आषाढ. शिवारात भाताची लावणी चाललीय. बांधावर छत्री रोवून सर बसलेत. मांडीवर बोर्ड, शेजारी डब्यात पाणी. डब्यात पावसाचे थेंब पडतात. सरांना चालतं. म्हणतात, "पाणी ते पाणीच की ओ!"

नाव घ्यायचं नाही, ही सरांची अट. उभी नोकरी शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात गेली. आठवड्याला एक तास, तोही गणिताच्या बाई मागून न्यायच्या. सुट्टीला मात्र सायकल काढायची आणि खानापूर, जांबोटी गाठायचं. खानापूरच्या कौलांचा तांबडा ट्यूबमधल्या बर्न्ट सायनात सापडत नाही. त्यात जरासा क्रिमझन घालायचा, आणि पाऊस नुकताच उघडला असेल तर चिमटीभर निळा. हे त्यांनी आम्हाला वर्गात नाही, कौलाखाली उभं करून शिकवलं.

बेळगावला चित्रकाराचं नवल नाही. के. बी. कुलकर्णींचं चित्रकला शिकवणारं चित्रमंदिर इथलंच. १९३५ साली बेळगावात जन्मलेल्या रवी परांजपेंचा हात तिथंच घडला. लक्ष्मणराव किर्लोस्करसुद्धा मुळात मुंबईला जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेलेले. काही रंग नीट ओळखू येईनात, म्हणून चित्र सुटलं. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. सर म्हणतात, "नांगर काय नि कोरणी काय, सरीच काढायची की."

(पडद्यावर: तव्यावर लिनोलियमचा तुकडा.)

कोरणी हातात आली ती जलरंगांवर रुसून. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला सर धुकं रंगवायला गेले होते. त्या हवेत कागद वाळेचना. सकाळी मांडलेल्या धुक्याचा संध्याकाळपर्यंत चिखल झाला. घरी येऊन त्यांनी लिनोचा, म्हणजे ज्यावर चित्र कोरून छाप काढतात त्या लिनोलियमचा, तुकडा तव्यावर कोमट केला, मऊ पडल्यावर कोरायला घेतला.

लिनोत कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो. म्हणजे पाऊस छापायचा नसतो, काढून टाकायचा असतो! सगळ्या रेषा वाऱ्याच्या एकाच कलानं. एक जरी घसरली तरी तुकडा गेला. इथं खोडरबर चालत नाही.

काचेवर शाई ओढताना रोलरचा आवाज ऐका. शाई जास्त असली की चिकचिक, बेताची झाली की बारीक सरसर. सर कानानं ठरवतात. प्रेस नाही. कागद ठेवायचा आणि पाठीवरून आमटीचा डाव गोल गोल घासायचा. तो डाव काकूंच्या स्वयंपाकघरात परत गेलेला नाही. विषय काढू नये.

पहिला राजहंसगड छापला तेव्हा सरांनी तो जसा दिसतो तसाच लिनोवर कोरला. छाप उलटा येतो, हे मुलांना शिकवणारा माणूस स्वतःच विसरला. प्रिंट घेऊन येळ्ळूरला गेले. शेताचे मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, गड ह्या अंगाला कसा आला ओ?"

आता सर आधी ट्रेसिंग उलटं करून घेतात. चुकलेल्या लिनोचे मात्र बारा छाप काढले, खाली पेन्सिलीनं आकडे घातले. १/१२, म्हणजे बारांतला पहिला, त्या मालकांना दिला.

(पडद्यावर: येळ्ळूरचं घर, सोपा.)

त्यांनी तो सोप्यात लावलाय. बरोबर आरशासमोर.