डब्यातली ऊब

[दृश्य : तपकिरी-काळ्या नक्षीचा अजगर, घट्ट वेटोळं. फटीतून दिसणारी पांढरी अंडी.]

ही बॉल पायथनची मादी. मूळची पश्चिम आफ्रिकेतली, घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ रानातली. अमेरिकेत आणि युरोपात हौसेनं पाळल्या जाणाऱ्या सापांत ही जात अगदी पुढे आहे. मादी एका वेळी साधारण चार ते दहा अंडी घालते आणि जवळजवळ दोन महिने त्यांना वेढून बसते. एवढ्या दिवसांत ती सहसा अन्नाला शिवतही नाही.

अंड्यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं. ते चामड्यासारखं, दाबलं तर दबणारं. ओली असतानाच अंडी एकमेकांना चिकटतात आणि लसणाच्या गड्ड्यासारखा एकच गठ्ठा तयार होतो.

घरी पैदास करणारे बहुतेक लोक पहिल्याच दिवशी मादीला हलकेच बाजूला करतात आणि हा गठ्ठा उबवणीच्या डब्यात ठेवतात. तिथून आईचं काम माणसाच्या अंगावर येतं.

[दृश्य : पेन्सिलीनं अंड्यावर छोटी खूण करणारा हात.]

ही खूण म्हणजे अंड्याची वरची बाजू. कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवते, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की इथेही फिरवायला हवीत. पण सापाच्या अंड्यात गर्भ एक-दोन दिवसांत वरच्या अंगाला कवचालगत स्थिरावतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, तर तो बलकाखाली दबून मरू शकतो.

[दृश्य : अंधारी खोली. अंड्याला टेकवलेला टॉर्च.]

अंडं जिवंत असेल तर प्रकाश गुलाबी दिसतो आणि कवचाच्या आतून लाल शिरांचं जाळं उमटतं. केसाएवढ्या बारीक शिरा, एका ठिपक्यापासून चहूकडे पसरलेल्या. वांझ अंडं नुसतं पिवळट उजळतं. ही तपासणी अंडं न उचलता, जागच्या जागी करायची.

[दृश्य : थर्माकोलचा डबा, वायरी, थर्मोस्टॅटचा आकडा.]

सगळ्यात जास्त घात होतो तो इथे. बॉल पायथनच्या अंड्यांना 31 ते 32 अंश सेल्सिअस ऊब लागते. डब्यात हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, असते. थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करतो आणि त्याला आतली खबर देतो तो हा एवढासा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा तुकडा. झाकण उघडताना वायर ओढली जाते, प्रोब निसटून बाहेर येतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोबला आता खोलीतली गार हवा लागते. थर्मोस्टॅटच्या हिशेबानं डबा थंडच आहे, म्हणून तो हीट टेप बंदच करत नाही. रात्रभरात आतली अंडी अक्षरशः शिजतात.

शिजली नाहीत, पण बरेच दिवस जास्त तापली, तर पिल्लं वाकड्या कण्याची निघू शकतात. थंडीचं तसं नाही. काही तास वीज गेली, डबा दोन-चार अंशांनी उतरला, तरी अंडी बहुधा तग धरतात, फार तर पिल्लं उशिरा बाहेर येतात. म्हणून वीज गेली म्हणून घाबरून डबा भलताच तापवणं जास्त धोक्याचं. डब्याला घोंगडी गुंडाळावी, झाकण उघडू नये.

उन्हाळ्यात आणखी एक पेच. हीट टेप तापवते, गार करत नाही. खोलीच 36 अंशांवर गेली तर थर्मोस्टॅट कितीही महागाचा असो, तो काही करू शकत नाही. प्रोब चिकटपट्टीनं पक्का करणं, शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवणं, तापमान स्थिर राहावं म्हणून डब्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवणं आणि अंडी येण्याच्या आधी काही दिवस रिकामा डबा चालवून पाहणं, एवढं करायलाच हवं. जिवंत अंड्यांवर यंत्राची चाचणी घेणं मला क्रूर वाटतं.

[दृश्य : ओलसर व्हर्मिक्युलाइट (अंड्यांखाली अंथरायचं, ओल धरून ठेवणारं खनिज) मुठीत दाबलेलं.]

ओलाव्याचं माप हे : मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. कोरडं पडलं तर अंडी सुरुवातीलाच खोल चेपतात. शेवटच्या दोनेक आठवड्यांत थोडी चेपली तर ते मात्र स्वाभाविक आहे. झाकणावर साचलेले थेंब थेट अंड्यांवर पडता कामा नयेत. मेलेल्या अंड्यावर बुरशी चढते, पण ते घट्ट चिकटलेलं असेल तर ओढून काढू नये. शेजारच्या चांगल्या अंड्याचं कवच त्याबरोबर फाटतं.

[दृश्य : पुन्हा वेटोळ्यातली मादी.]

ही सगळी यंत्रणा जे करते, ते मादी अंगानं करते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहात 1841 साली व्हॅलेन्सिएन्स या शास्त्रज्ञानं एका मोठ्या अजगराच्या मादीचं तापमान मोजलं, तेव्हा वेटोळ्यातली ऊब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त भरली. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या तशाच मोठ्या अजगराच्या मादीवरून कळलं की स्नायू सतत आखडून ती ही ऊब निर्माण करते. बॉल पायथनची मादी तशी थरथरत नाही. पण तिच्या मिठीमुळे अंड्यांतलं पाणी उडून जात नाही. खोलीची ऊब योग्य असेल, मादी धडधाकट असेल, तर अंडी तिच्याकडेच का ठेवू नयेत? असं करणारे पाळणारे आहेत, आणि मला त्यांचं पटतं.

आपल्याकडे देशी साप पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. पण घराच्या पायासाठी खोदताना धामणीची किंवा नागाची अंडी उघडी पडतात, तेव्हा वरची बाजू वरच ठेवण्याचा नियम तिथेही तोच. अंडी हाताळू नयेत, आधी वनविभागाला कळवावं.

[दृश्य : अंड्यावर बारीक चीर, बाहेर डोकावणारं नाक.]

साधारण 55 ते 60 दिवसांनी पिल्लू नाकाच्या टोकावरच्या दातानं कवच चिरतं. काही जण रंग कोणता निघाला हे पाहायला आधीच कात्री लावतात, कारण दुर्मीळ रंगाच्या पिल्लाला मोठी किंमत येते. ही घाई मला मुळीच मान्य नाही. डोकं बाहेर आल्यावरही पिल्लू एक-दोन दिवस आतच राहतं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या वेळी ओढलं तर शिरा तुटून रक्त जातं.

बाहेर आल्यावर पहिली कात टाकेपर्यंत, साधारण आठवडा-दोन आठवडे, त्याला हाच बलक पुरतो. पहिला छोटा उंदीर त्यानंतर द्यायचा.