गुरूच्या नावाची शिष्यवृत्ती

श्रोते हो, नमस्कार.

अमेरिकेतील ख्रिस्ती विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत एखादे संगीतशिक्षक तीस-चाळीस वर्षे शिकवून निवृत्त होतात, तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी पुष्कळदा वर्गणी काढून त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करतात. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांपेक्षा हा सन्मान मला मोलाचा वाटतो. तो का, हे मिनेसोटा राज्यातील एका कॉलेजच्या आधाराने सांगतो.

नॉर्थफील्ड या छोट्या गावी नॉर्वेहून येऊन स्थायिक झालेल्या लुथरपंथीय ख्रिस्ती लोकांनी 1874 मध्ये एक शाळा काढली. तिचेच पुढे सेंट ओलाफ कॉलेज झाले. संगीताला ईश्वरविद्येच्या खालोखाल स्थान देणाऱ्या धर्मसुधारक मार्टिन लूथर यांचे हे अनुयायी, त्यामुळे गाणे हा तेथे उपासनेचाच भाग होता. 1903 मध्ये एफ. मेलियस क्रिस्तियानसन तेथे शिकवायला आले. मूळचे ते व्हायोलिनवादक. जर्मनीतील लाइपझिग येथे थोर संगीतकार बाख यांनी ज्या सेंट थॉमस चर्चचे संगीत 27 वर्षे सांभाळले, त्याच चर्चच्या तत्कालीन संगीतप्रमुखांकडे त्यांचे शिक्षण झाले होते. 1912 मध्ये त्यांनी सेंट ओलाफचा गायनवृंद उभा केला आणि 1944 पर्यंत तो घडवला. वाद्यांची साथ न घेता, सारे गाणे मुखोद्गत करून, अनेक कंठांतून एकच शुद्ध स्वर काढणारा हा वृंद 1920 च्या दौऱ्यात पूर्वेकडील मोठ्या शहरांत गायला आणि त्याचे नाव देशभर झाले.

पुढची हकिगत मला अधिक महत्त्वाची वाटते. क्रिस्तियानसन यांच्यानंतर त्यांचे पुत्र ओलाफ यांनी 1968 पर्यंत वृंद चालवला; ते वडिलांच्याच हाताखाली गायलेले होते. त्यांच्यामागून आलेले केनेथ जेनिंग्ज हे ओलाफ यांचे विद्यार्थी, आणि 1990 मध्ये सूत्रे हाती घेणारे अँटन आर्मस्ट्राँग हे जेनिंग्ज यांच्या वृंदात गायलेले. म्हणजे पुढे वृंदासमोर उभे राहिलेले हे तिघेही शिक्षक त्याआधी याच वृंदाच्या रांगेत विद्यार्थी म्हणून उभे होते. स्वर कुठे सोडायचा, श्वास कुठे चोरायचा, शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज कसा मिसळायचा, हे पुस्तकात उतरत नाही; ते समोर बसूनच घ्यावे लागते. शिकणारा दारापर्यंत पोहोचलाच नाही, तर ही विद्या तिथेच थांबते.

आज या कॉलेजात क्रिस्तियानसन यांच्या नावाने संगीताची शिष्यवृत्ती दिली जाते आणि तिच्यासाठी मुलांना गाऊन किंवा वाजवून दाखवावे लागते. अशा शिष्यवृत्त्या बहुधा कायम ठेवीवर चालतात. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दरवर्षी साधारण चार ते पाच टक्के रक्कम खर्चायची, अशी रीत आहे. एक लाख डॉलर जमले, तर वर्षाला चार-पाच हजार डॉलर हाती येतात. तेवढ्याने अमेरिकेतील कॉलेजची फी भागत नाही, हे खरे. पण वैयक्तिक शिकवणीची वेगळी फी किंवा वाद्याची दुरुस्ती यांचा भार हलका होतो, आणि काठावरच्या घरातला मुलगा संगीत सोडून देत नाही. देणगीदारांनी मात्र अटी फार आवळू नयेत. अमुक जिल्ह्याचाच, तमुक वाद्य वाजवणाराच विद्यार्थी हवा असे लिहून ठेवले, तर एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थीच सापडत नाही आणि पैसा पडून राहतो.

आणखी एक मनापासून सांगावेसे वाटते. वृंदाचे प्रमुख सर्वांना दिसतात. पण छोट्या खोलीत पियानोशेजारी बसून एकेका विद्यार्थ्याचा गळा वर्षानुवर्षे घडवणारे शिक्षक आणि दररोज न थकता साथ करणारे पियानोवादक क्वचितच कुणाच्या नजरेस पडतात. त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती निघावी, आणि तीही त्यांच्या हयातीत. मग पहिली शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी त्या खोलीचे दार वाजवील, वृद्ध शिक्षक तिला आत बोलावतील, आणि ती आपण बसवलेले पहिले गाणे त्यांनाच ऐकवील.

नमस्कार.