उजेडाला दुसरी वाट

[दृश्य: काकतीजवळ, पुणे-बेंगळुरू हायवेची कड. खड्डा, नारिंगी पाइप, बॅटरीचा उजेड.]

जेसीबीचा दात लागला आणि इंटरनेटची, काचेच्या धाग्यांची केबल तुटली. आता खड्ड्याशेजारी सतरंजी टाकून जोडणी चाललीय.

"सांध्यावरची नळी, स्लीव्ह, आधी घातलीस न्हवं?"
"व्हय, मामा."

धाग्यावरचं रंगीत आवरण सोलायचं, काच स्पिरिटनं पुसायची, टोक काटकोनात कापायचं आणि दोन्ही टोकं मशिनमध्ये समोरासमोर ठेवायची. विजेची ठिणगी पडते, काच वितळून सांधली जाते. सांध्यात किती उजेड वाया जातो, तो आकडा पडद्यावर येतो: 0.02 डेसिबल, जवळपास काहीच नाही. निळा धागा झाला, आता नारिंगी.

धागा 125 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही उजेड धावतो तो मधल्या 9 मायक्रॉनमधून. रस्त्याच्या धुळीत बसून एवढं नेमकं काम करणाऱ्या या हातांचं कौतुक वाटतं.

[दृश्य: नकाशा. बेळगाव, संकेश्वर, निपाणी.]

1966 साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की काच पुरेशी शुद्ध झाली तर तिच्यातून दूरवर संदेश धाडता येतील. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड उरला तरी चालेल, असा त्यांचा हिशेब. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगनं तशी काच बनवली. आजच्या काचेतून बेळगावहून निघालेला उजेड सुमारे 75 किलोमीटरवरच्या निपाणीला पोचतो, तेव्हाही शंभरातले तीनेक भाग शिल्लक असतात. तिथून पुढे एर्बियम नावाचा धातू मिसळलेल्या काचेचा अ‍ॅम्प्लिफायर त्याला बळ देतो. 1987 च्या सुमारास हे तंत्र आलं. एका धाग्यातल्या कितीतरी रंगछटा, प्रत्येकीवर वेगळा संदेश, तो एकदमच वाढवतो.

अडतं ते नाक्यावर, जिथे केबली एकत्र येतात. कुठला संदेश कुठे पाठवायचा हे ठरवण्यासाठी उजेडाची वीज करावी लागते आणि पुन्हा विजेचा उजेड. यात वीज खर्च होते, यंत्रं तापतात, आणि वेग वाढवायचा तर ती बदलावी लागतात.

[दृश्य: सूक्ष्म आरशांची चकती, जवळून.]

फोटॉनिक स्विच हा फेरा टाळतो. त्याच्या एका प्रकारात सिलिकॉनवर कोरलेले इवलेसे आरसे असतात. आरसा किंचित कलतो आणि उजेड उजेडच राहून दुसऱ्या धाग्यात शिरतो. संदेशाचा वेग सेकंदाला 100 गिगाबिट असो की 800, आरशाला फरक पडत नाही. गुगलच्या डेटा सेंटरमध्ये असे 136 बाय 136 जोडण्यांचे स्विच चालू आहेत.

मात्र आरशाला संदेशावरचा पत्ता वाचता येत नाही, आणि कलायला काही मिलिसेकंद लागतात. त्या वेळात उजेड बेळगावहून बेंगळुरूला पोचलेला असतो. म्हणून सुट्या पाकिटांची, म्हणजे संदेशाच्या छोट्या तुकड्यांची, निवड विजेवरच चालते. आरसा बदलतो तो सबंध मार्ग.

सीमाभागाला नेमका त्याचाच उपयोग. संकेश्वरजवळ केबल तुटली, तर वाहतूक हुबळीकडून फिरवता येते. पण ज्या गावाला एकच केबल जाते, तिथे आरसा उजेड वळवणार कुठे? खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात झाडं पडतात, खांब आडवे होतात. तिथे आधी दुसरी केबल हवी. जांबोटी-कणकुंबीला एक बेळगावकडून आणि एक चोर्ला घाटातून, गोव्याच्या बाजूनं.